चार घरांना कुलूप

जावयापुढे तेहतीस अनारसे ठेवायचे असतात. बत्तीस चालत नाहीत, चौतीस चालत नाहीत, आणि वनमालेचे नेमके एकतीस भरले, कारण दोन कढईतच हसले, विरघळून गेले. विमलबाईंनी परातीकडे बघितलं आणि नुसतं "हं" केलं. तेवीस वर्षांच्या संसारात वनमाला सासूच्या "हं"चे बारा प्रकार ओळखायला शिकली होती. हा सातवा, म्हणजे "माहेरात हेच शिकवलं का" हा.

"आत्याबाई, पीठ हाय अजून. दोन तळते."

"तळ. जावई आंघोळीला गेलाय तवर तळ."

अधिक महिना तीन वर्षांनी येतो आणि त्या महिन्यात शहादेवराव तेलगावहून बायकोला घेऊन सासुरवाडीला धोंडे खायला येतात. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, शिवाय अंगावर नवे कपडे. या खेपेला मात्र ते गायरान मागणाऱ्या सोलरवाल्यांचा नकाशा काखोटीला मारून आले होते, आणि धोंड्याचं जेवण नेमकं ग्रामसभेच्या दिवशी ठेवायचं हे पंचांग बघून नव्हे, मेव्हण्याशी, म्हणजे वनमालेच्या नवऱ्याशी, फोनवर बोलून ठरलं होतं. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं. फक्त सरपंचाला नव्हतं, आणि सरपंच कढईसमोर बसली होती.

दोन वर्षांपूर्वी कवठवाडीचं सरपंचपद बाईला सुटलं तेव्हा विजयसिंहांनी बायकोच्या नावाचा फॉर्म भरला, बायकोच्या फोटोचे बॅनर लावले आणि गुलालात स्वतः न्हाऊन आले. तेव्हापासून खुर्ची पंचायतीत, शिक्का नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात आणि सरपंच चुलीपाशी, अशी कारभाराची वाटणी होती. सह्या तेवढ्या तिच्या. कणकेचा हात पुसून, फोडणी करपायच्या आत.

दुपारी पंगत बसली. मधल्या पाटावर शहादेवराव, एका बाजूला सासरे रामकिसन, ज्यांना अख्खं गाव आबा म्हणायचं, दुसऱ्या बाजूला बनियनवर बसलेले विजयसिंह. उकाडा असा की पंखासुद्धा गरम वारा ढकलत होता. विजयसिंहांचा सदरा खुंटीला होता. त्यांनी बसल्या बसल्या पाटाखालून एक कागद काढला.

"हात पूस गं. सही पायजे. तीनची सभा हाय."

"हात तुपाचेत माझे. प्रिया, वाच गं काय हाय ते."

लेक प्रियदर्शनी यंदा दहावीत जाणार होती. परिपाठात बातम्या वाचून वाचून तिला सगळंच मोठ्यांदा वाचायची खोड लागली होती. तेलाच्या पिशवीवरचा मजकूरसुद्धा ती ठासून वाचायची. तिनं कागद घेतला, गळा साफ केला.

"'कवठवाडी येथील गायरानावरील चार घरांची दिनांक बारा मे रोजी समक्ष पाहणी केली असता चारही घरे कुलूपबंद आढळून आली. सदर मेंढपाळ कुटुंबे भटकी असून त्यांचे गावात कायम वास्तव्य नाही. सबब त्यांची नावे, घर नावावर करून देण्याच्या यादीतून वगळण्यात यावीत.' खाली सरपंच, आन मोकळी जागा."

"बास. लई वाचलं," विजयसिंह म्हणाले. "दे आईला."

वनमालेनं कागद घेतला नाही. तिच्या डोक्यात बारा मे अडकली होती.

गायरानातली ती चार घरं म्हणजे बंकट मेंढक्याचं, त्याच्या दोन भावांची आणि चुलत्याचं. वनमाला लग्न होऊन आली तेव्हा ती होती आणि तेव्हाही जुनी होती. जुन्या राहणाऱ्यांना जागा नावावर करून द्यायची म्हणून वरून यादी मागवली होती आणि गाव दोन महिने त्याच यादीबद्दल कुजबुजत होतं. गावात बाराशे मतं, त्यातली अठरा गायरानात.

आणि बारा मेला या चारी घरांतली सगळी माणसं कुठं होती, हे वनमालेइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ती वनमालेच्याच विहिरीच्या पट्टीत होती.

पेरणीआधी मोकळ्या रानात मेंढ्या बसवायच्या असतात. चार राती कळप वावरात बसला की लेंड्या मुरतात, आणि त्या साली कापूस छातीला लागतो. पण कळपाबरोबर एकटा माणूस कधी जात नाही. लांडगा असतो, चोर असतो, कोकरं असतात. सगळं बिऱ्हाड जातं: बाज, भांडी, कोंबड्या, म्हातारी-कोतारी. मागं घराला कुलूप लागतं. हे कवठवाडीतलं शेंबडं पोरही सांगेल.

तेव्हा विजयसिंह म्हणाले होते, "तूच फोन कर बायडाबाईला. तुझं ऐकती ती. चारी घरांचे कळप एकदम बोलव." वनमालेनं केला. बंकटची बायको बायडाबाई म्हणाली होती, "आक्का, बबिताच्या अंगात ताप हाय. मालक तेवढे येतील, मी घरी ऱ्हाते." आणि वनमाला म्हणाली होती, न्हाई न्हाई, सगळे या. पोरीला माझ्या घरून पेज पाठवते. सगळे या.

"अहो," ती म्हणाली, "त्या दिवशी तर ते आपल्या वावरात व्हते."

शहादेवरावांचा धोंडा ताट आणि तोंड यांच्या मध्ये थांबला.

"व्हते ना," विजयसिंह म्हणाले. "म्हंजे घरी नव्हते. कागदात खोटं काय हाय?"

"पाहणी त्याच दिवशी कावून ठेवली?"

"साहेबांना जवा टाइम, तवा पाहणी."

"आन मला फोन कराया लावला, तोबी साहेबांच्या टायमानंच का?"

आतल्या खोलीत पोळ्या लाटणाऱ्या नणंदेचं लाटणं थांबलं.

"वैनी," शहादेवराव हसत म्हणाले, "पुरण झकास झालंय. आता तोंड गोड केलंत तर कडू कशाला करता? लोकशाही हाय. बाराशे एकीकडं, अठरा एकीकडं. ह्याच्यात तुमची-आमची काय चूक?"

"मामा, घर हाय का न्हाई हे मतांवर कसं ठरंल?" प्रिया आत्याच्या नवऱ्याला म्हणाली. "उद्या गावानं हात वर केला की आपल्यात विहीर न्हाई, तर काय पाणी आटंल?"

"ए वकिलीणबाई, ताक आण," विजयसिंह म्हणाले. प्रिया हलली नाही.

आबांनी भात कालवता कालवता मान वर केली. "एक मला सांगा. त्यांना घालवलं तर पुढच्या साली मेंढ्या कुणाच्या बसवायच्या?"

वनमालेला जरा धीर आला. आबा बोलले म्हणजे निम्मं घर बोललं.

"आबा, खत पोत्यात मिळतंय," शहादेवराव म्हणाले. "आन सोलरचा रस्ता तुमच्या पट्टीला चिकटून जातोय. नकाशा दाखवतो जेवल्यावर. बारमाही डांबरी."

"डांबरी?"

"डांबरी."

आबांचा प्रश्न तुपात विरघळला. त्यांनी घास घेतला, सावकाश गिळला आणि सुनेकडे वळले.

"हे बघ सूनबाई. देणारा हात वर असतो, घेणारा खाली. ही मांडणी काय आपण केली न्हाई. आपण त्यांना कधी उपाशी ठेवलं का? पोळ्याला पोळी, दिवाळीला फराळ, आजारी पडलं तर गाडी. पोटच्यासारखं केलं. पर जागा म्हंजे येगळं. जागा नावावर झाली की माणूस बरोबरीनं बसाया लागतो. मग पोळी घ्यायला दारात येत न्हाई."

ते अगदी मायेनं बोलत होते, आणि वनमालेला त्याचीच भीती वाटली.

"आबा हायत का घरात?"

आवाज ओट्यावरून आला. बंकट होता, आणि त्याच्या मागं पदर डोक्यावर ओढून बायडाबाई. बंकटच्या खांद्यावर नवं काळं घोंगडं होतं, काठाला पांढरी रेघ. ओट्यावर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. बंकट उंबऱ्याखाली पायरीवर बसला. बायडाबाई उभी राहिली.

"गावाचा जावई तो आमचाबी जावई," बंकट म्हणाला. "धोंड्याला म्हणून आणलं. आपल्याच मेंढरांची लोकर हाय."

शहादेवरावांनी हात धुतले, घोंगडं दोन बोटांत धरून बघितलं. "आमच्याकडं एसी हाय बे बंकट. असू दे, आमच्या म्हाताऱ्याला व्हईल." ते त्यांनी कोपऱ्यात ठेवलं, नकाशाच्या नळीशेजारी.

"मालक, तीनला सभा हाय म्हणं."

"हाय. तुमी कशाला उन्हाचं येता?" विजयसिंह म्हणाले.

"यावं म्हणलं. आमच्या बबितानं पंचायतीच्या फळ्यावरचा सभेचा कागद वाचला." बंकटनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तर म्हणलं तुमच्या कानावर घालावं. लिहिणाराची चूक झाली आसंल. कुलूप व्हतं, ते खरं. पर आमी तुमच्याच वावरात व्हतो की. तुमाला ठावंच हाय."

म्हणजे त्याला माहीत होतं. कागदावर काय लिहिलंय हे वाचून, समजून, मग तो घोंगडं घेऊन आला होता.

"बंकट, चूक का बरोबर, गाव ठरवंल. गाव मोठं का तू?" विजयसिंह म्हणाले.

"गावच मोठं, मालक."

"मग झालं तर. जेवून जा."

बायडाबाई पुढे झाली. ती विजयसिंहांकडे बघत नव्हती, आबांकडेही नाही.

"आक्का, पोरीला ताप व्हता."

"व्हय," वनमाला म्हणाली.

"म्या न्हाई म्हणलं व्हतं. तू म्हणलीस, सगळे या."

"गप ए," बंकट म्हणाला.

"गपच हाय. इचारते तेवढं. दुसऱ्या कुणाचा फोन आसता तर म्या घरीच ऱ्हायले आसते, आक्का. एका घराला तरी कुलूप नसतं. तुला ठावं व्हतं का?"

"न्हाई."

खरंच नव्हतं. पण तो शब्द इतका बारीक निघाला की तिचा तिलाच पटला नाही. कारण बारा मेला सकाळी "साहेब आलेत, पाच कप चहा पाठव" असा निरोप आला होता आणि चहा तिनंच पाठवला होता, आलं घालून. साहेब कशाला आलेत, हे तिनं विचारलं नव्हतं. विचारायचं नाही हे या घरात तिनं कुणी न सांगता शिकून घेतलं होतं, आणि इतकं चांगलं शिकून घेतलं होतं की नवऱ्यानं त्याच्या भरवशावर चार घरं रिकामी करून दाखवली.

बायडाबाईनं मान हलवली. बरं, अशी नाही आणि खोटं, अशीही नाही. दोघं न जेवता गेली.

"बघितलंत?" विजयसिंह म्हणाले. "जागा मिळायच्या आधीच जबान केवढी चालती. आबा म्हणत्यात ते काय खोटं न्हाई. वना, आण इकडं कागद. सभेत लोकांपुढं तमाशा नको."

"सभेतच करते सही," वनमाला म्हणाली.

"तुला सभेत कुणी बोलावलंय?"

"सरपंचाला बोलावत नसत्यात. सरपंच बोलावतो."

हे तिच्या तोंडून कसं निघालं ते तिला कळलं नाही. प्रियाच्या डोळ्यांत दिवाळी लागली. विजयसिंहांनी पाहुण्यांकडे बघितलं, हसले, "ऊन लागलंय तिला," असं म्हणून जावयाला घेऊन बाहेर नकाशा उलगडायला गेले. आबा त्यांच्या मागं.

वनमाला खरकटी ताटं उचलायला वाकली. कुणीतरी तिच्या हातात काहीतरी ठेवलं. लाकडी मुठीचा शिक्का होता. खुंटीवरच्या सदऱ्याचा खिसा उलटा लोंबत होता आणि विमलबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, जणू भिंतच त्यांच्याशी बोलत होती.

"आत्याबाई?"

"माझ्या भावानं कागद आणलता एकदा. हक्कसोडीचा. वाचून न्हाई दाखवला. म्या आंगठा दिला, वर त्यालाच जेवू घातलं." त्या थांबल्या. "माझ्याकडं बघू नको. म्या काय तुझ्या बाजूनं न्हाई. विजू माझा लेक हाय. जा, पातळ बदल. तुपाचे डाग पडलेत."

आणि मग त्यांनी "हं" केलं. हा तेरावा प्रकार होता. वनमालेनं तो आधी कधी ऐकला नव्हता.

पंचायतीपुढच्या पत्र्याच्या मांडवात माणसं दाटीवाटीनं बसली होती. सगळे पुरुष. बायका म्हणाल तर वनमाला, तिच्याशेजारी प्रिया, आणि अगदी मागं, सावली संपते तिथं, बायडाबाई. तिच्यापुढं बंकट, त्याचे दोन भाऊ, चुलता. मांडवात जागा होती, पण ते उन्हात बसले होते.

सरपंचाच्या खुर्चीत विजयसिंह होते.

"अहो," वनमाला जवळ जाऊन म्हणाली. "उठता का?"

कुणीतरी खुदकन हसलं. विजयसिंहही हसले, कारण शे-दीडशे माणसांपुढं दुसरं काही करता येत नव्हतं. ते उठले. खुर्ची त्यांच्या अंगानं तापलेली होती.

ग्रामसेवकांनी कागद वाचला. घरं कुलूपबंद. वास्तव्य नाही. वाचताना त्यांनी एकदाही वर बघितलं नाही.

"थांबा," वनमाला म्हणाली. "बारा मेला हे लोक माझ्या वावरात मेंढ्या घेऊन बसले व्हते. म्या फोन करून बोलावलं. पोर आजारी व्हती तरी सगळ्यांना बोलावलं. कुलूप माझ्यामुळं लागलं. हे लिहा."

ग्रामसेवकांचं पेन हवेत. वनमालेनं समोर बघितलं. हे सगळे मेंढ्या बसवणारे होते. यांच्यातला एक जरी म्हणाला असता, "व्हय, आमच्याबी वावरात बसतात, म्हणून कुलूप असतं," तर पुरलं असतं.

दुसऱ्या रांगेतला सटवा बोलला. "वैनी, घरचं भांडण घरी मिटवावं. गावाला कावून त्यात?"

हशा झाला. मोठा, सुटका झाल्यासारखा.

"ऐकलं सगळ्यांनी," विजयसिंह पुढे होऊन म्हणाले. "आता ठराव. कुणाशी वैर न्हाई आपलं. पर गायरान गावाचं हाय आन गाव तुमचं हाय. मंजूर आसंल त्यांनी हात वर करा."

सटवाचा हात पहिला. त्याच्या वावरातल्या लेंड्या अजून वाळल्याही नव्हत्या. मग शेजारचा, मग मागचा, मग आबांचा, सावकाश, आशीर्वाद दिल्यासारखा. बघता बघता मांडवात नुसते हातच हात झाले. आणि त्या हातांच्या मागं, उन्हात, आणखी एक हात वर जाऊ लागला.

बंकटचा.

चाळीस वर्षं गावानं हात वर केला की तो करत आला होता. शाळेची खोली, नळाची टाकी, देवळाचा रंग, सगळ्याला. हात सवयीनं निघाला होता, अर्ध्यावर आला होता. बायडाबाईनं मागून त्याचं मनगट धरलं आणि खाली ओढलं. बंकटनं आपल्या हाताकडं असं बघितलं, जसा तो दुसऱ्याच कुणाचा असावा.

यावर कुणी हसलं नाही. बऱ्याच जणांनी बघितलं होतं.

"मंजूर," विजयसिंह म्हणाले. "सरपंच, सही."

"न्हाई."

"काय?"

"हात त्यांनी वर केला. सही माझी हाय. खोट्यावर न्हाई करणार."

विजयसिंह वाकले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काही समजावताहेत. "उपसरपंच करंल सही. हरकतीला तालुक्याला जाशील, जा. तुझ्यानं एक वीट वाचायची न्हाई. पर एक ध्यानात ठेव. आज रातचं जेवण बंकटाकडंच कर."

ते गेले. त्यांच्या मागं आबा गेले, शहादेवराव गेले, मांडव रिकामा होत गेला. जाताना प्रत्येक जण खुर्चीजवळून जरा लांबून गेला. प्रिया तेवढी जागची हलली नाही.

"आई, आता?"

"वही ओढ इकडं."

ग्रामसेवकांनी इतिवृत्ताची वही थोडी धरून ठेवली, मग सोडली. ठरावाखाली अर्धं पान कोरं होतं. सरपंचाचं म्हणणं तिथं लिहिता येतं, हे प्रियानं कुठूनतरी वाचून काढलं होतं. वनमालेनं कमरेचा शिक्का काढून वहीशेजारी ठेवला आणि पेन घेतलं. दोन वर्षांत तिनं नावापलीकडं काही लिहिलं नव्हतं. अक्षरं वाकडी आली, पण आली. 'मी सरपंच वनमाला असे लिहून देते की गायरानातील चार घरांतील खालील माणसे माझ्या आधीपासून येथे राहतात.'

खालील माणसे. ती थांबली. तिनं मागं बघितलं.

बायडाबाई मांडवाच्या खांबापाशी आली होती. बंकट अजून उन्हातच होता, हात मांडीखाली घेऊन बसलेला.

"पूर्ण नाव सांग," वनमाला म्हणाली.

"कुणाचं?"

"तुझं."

"पुरं कशाला? बायडा मेंढकी म्हण. सगळं गाव वळखतं."

"गावानं आत्ताच हात वर केलाय. वळखत न्हाई म्हणून."

बायडाबाईनं खांब सोडला. टेबलापाशी येऊन उभी राहिली. शेजारची खुर्ची प्रियानं पुढं सरकवली, पण बायडाबाईनं त्या खुर्चीकडं बघितलंही नाही.

"बायडाबाई बंकट गडदे."

गडदे. तेवीस वर्षं या बाईनं वनमालेच्या वावरात मेंढ्या बसवल्या होत्या, तिच्या बाळंतपणात शेळीचं दूध आणून दिलं होतं, आणि तिचं आडनाव वनमाला आज ऐकत होती. तिनं ते लिहिलं. ड चा द झाला, तो खोडून पुन्हा लिहिला.

"आक्का," बायडाबाई म्हणाली. "ह्याच्यानं आपल्यातलं मिटलं असं समजू नको."

"न्हाई समजत."

"लिही मग. बबिता बंकट गडदे. पंधरा वर्सं. हितंच जन्मली."